रिकीब

आमच्या अवधपुरीतल्या घराच्या दिवाणखान्यात पितळी रिकिबींची एक जोडी भिंतीवर टांगलेली आहे. नवा पाहुणा आला की त्याची नजर तिच्याकडे वळते आणि मलाही चार शब्द बोलण्याची हौस भागवून घेता येते. आमचे पणजोबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पागेत चाकरीला होते. घोडा गेला, खोगीर वाळवीने खाल्ले, चाकरी तर केव्हाच सरली. उरल्या त्या एवढ्या दोन रिकिबी. या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणां मराठी कुटुंबांत असे काही ना काही असतेच. कुणाकडे मोडीतली सनद, कुणाकडे गंजलेली तलवार, कुणाकडे आजेसासूबाईंची पैठणी. आपण इकडे कसे आलो, हे सांगायला त्या वस्तू उपयोगी पडतात. त्यांच्याकडून आणखी कसल्या कामाची अपेक्षा आपण करीत नाही.

ती अपेक्षा गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने केली. कोलार धरणाच्या बाजूला त्याचे शेत आहे. गहू-हरभऱ्याच्या जोडीला त्याने चार घोडे पाळले आहेत. रविवारी शहरातली मंडळी मुलाबाळांसह तिथे जातात, दाल-बाफले खातात आणि घोड्यावर बसून शेताला दोन फेऱ्या मारतात. एके दिवशी त्याचा फोन आला. "काका, ती भिंतीवरची जोडी मला द्याल का? खोगिराला शोभून दिसेल, लोक फोटो काढतील. शिवाय आपल्या घराण्याची आहे." याच सुमारास माझ्या बारा वर्षांच्या नातीनेही घोड्यावर बसण्याचा हट्ट धरला होता. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय चमूने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याला शिस्तीने व तालात चालवण्याच्या कलेचे, सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतले सुवर्ण भारताला ४१ वर्षांनी मिळाले आणि त्या चमूत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून आमच्या नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर घोड्यांची चित्रे आली. तिच्या पहिल्या स्वारीला पणजोबांच्या रिकिबी असाव्यात, ही कल्पना सौभाग्यवतींनाही फार आवडली.

"घेऊन जा" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते बाहेर पडले नाहीत, त्याला १९८७ सालचे एक कारण आहे. त्याकडे येण्यापूर्वी रिकिबीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ही वस्तू दिसते तितकी साधी नाही.

माणूस हजारो वर्षे घोड्यावर बसत आला आहे, परंतु रिकीब त्या मानाने फार उशिरा आली. अलेक्झांडरचे आणि रोमनांचे स्वार रिकिबीवाचूनच लढले. तिचे अगदी आरंभीचे रूप आपल्याच देशातले मानतात आणि ते आम्हा भोपाळकरांच्या दाराशी आहे. येथून सुमारे ४६ किलोमीटरवरच्या सांचीच्या शिल्पांत, तसेच तिकडे लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात, स्वाराच्या पायाशी दोरीसारखा एक फास कोरलेला आहे, असे तंत्रविद्येच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाचा. फास केवळ अंगठा अडकवण्यापुरता. अनवाणी वावरणाऱ्या उष्ण देशाला तो सोयीचा होता. बूट घालणाऱ्या थंड मुलुखात त्याचा उपयोग नव्हता. तिकडे चीनमध्ये चांगशा येथील ३०२ सालच्या थडग्यातल्या मातीच्या घोड्यावर एकाच बाजूला एक लहानशी कडी दिसते. ती बहुधा चढण्यापुरती. नानजिंगजवळच्या ३२२ सालच्या थडग्यात ती दोन्ही बाजूंना आली. आणि ४१५ साली वारलेल्या फेंग सुफू नावाच्या सरदाराच्या थडग्यात प्रत्यक्ष जोडीच सापडली: तुतीच्या लाकडावर सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचा पत्रा जडवलेली.

अंगठ्याऐवजी सबंध चवडा कडीत जाऊ लागला, तेव्हा स्वाराला मोठे बळ लाभले. त्याला उभे राहता येऊ लागले, वळून वार करता येऊ लागला. त्याच वेळी एक नवे भयही जन्माला आले. घोड्यावरून पडणे हा घोडेस्वारीचा नित्याचा भाग आहे. कपडे झटकून माणूस पुन्हा मांड टाकतो. परंतु पडणाऱ्याचा पाय कडीतच राहिला तर घोडा त्याला फरफटत नेतो. घोडा हा जातीचा भित्रा प्राणी. आपल्या अंगाला लागून काहीतरी खडबडत मागे येत आहे असे वाटताच तो पळतो, आणि जितका पळतो तितके ते अधिक आपटते.

पाय अडकण्याचे प्रकार दोन. कडी बुटाच्या मानाने अरुंद असली तर चवडा तीत रुतून बसतो. आणि कडी फार रुंद असली, बुटाला टाच नसली, तर पाऊल आरपार जाऊन घोट्याशी अडकते. म्हणजे अरुंद वाईट आणि रुंदही वाईट. अमुक रिकीब सुरक्षित आहे असे नुसत्या रिकिबीकडे पाहून सांगता येत नाही. तीत कुणाचा पाय जाणार आहे, हे आधी पाहावे लागते. हे शहाणपण मी पुस्तकात वाचलेले नाही.

१९८७ साली मी सातपुड्यातल्या एका तहसिलीत नायब तहसीलदार होतो. वय अठ्ठावीस. ते अवर्षणाचे वर्ष. राहतकामांची पाहणी, मजुरांची हजेरी, धान्याचे वाटप यांत दिवस जात. जीप पोहोचत नसे अशा गावांसाठी मी एक तट्टू विकत घेतले होते. पणजोबांचे रक्त आहे, असे मनाशी म्हणतही असे. खोगीर बाजारातले साधेच होते. रिकिबी मात्र मी माझ्या बुटाच्या मापाने पारखून घेतल्या होत्या. आतून पाच इंच रुंद. माझा पाय मुळातच रुंद, त्यावर जाड कातड्याचा बूट. मला ती रिकीब अगदी योग्य होती.

एका संध्याकाळी मुक्कामाच्या गावाहून हजेरीपट तहसिलीला तातडीने पाठवायचे होते. मी दिवसभराचा थकलेला. गावच्या कोटवाराला म्हणालो, "माझा घोडा घेऊन जा, रात्रीच्या आत पोहोचशील." साहेबांच्या घोड्यावर बसायला तो संकोचला. मी आग्रह केला. त्याच्या पायांत टायरच्या चपला होत्या, टाच नसलेल्या. पाय किडकिडीत. मी रिकिबीचे पट्टे त्याच्या उंचीप्रमाणे दोन भोके वर घेतले आणि आपण सर्व काही पाहिले अशा समाधानात माघारी वळलो. लांबी पाहिली, रुंदी पाहिली नाही.

ओढ्याच्या उतारावर झुडपातून तित्तिर भर्रकन उडाला. घोडा बुजला. कोटवार डाव्या अंगाला घसरला, चप्पल गळून पडली आणि पाऊल कडीतून घोट्यापर्यंत आरपार गेले. त्या देशी खोगिरावर रिकिबीचा पट्टा पक्क्या कडीत शिवलेला होता; तो निसटण्याची सोयच नव्हती. दोनएकशे पावले त्याची फरफट झाली. अखेर घोडा आपण होऊन थांबला आणि मागून येणाऱ्या मजुरांनी पाय सोडवला. जीव वाचला. गुडघा मात्र कायमचा गेला. पुढे त्याची कोटवारी त्याच्या मुलाला करावी लागली.

अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडेच आले. मी चार पाने लिहिली. दिनांक, वेळ, रस्त्याची अवस्था, साक्षीदार, नेत असलेल्या कागदांची सुस्थिती, सगळे त्यात होते. अपघाताचे कारण एका वाक्यात दिले होते: जनावर अकस्मात उधळल्यामुळे. आज ती पाने आठवली की खोगीरभरती हा शब्द मनात येतो, आणि गंमत अशी की खुद्द खोगिराचा आणि रिकिबीचा उल्लेख तीत कुठेच नव्हता. मी खोटे लिहिले नव्हते. घोडा बुजला होता, हे खरेच होते. परंतु बुजलेल्या घोड्यावरून पडलेला माणूस बहुधा खरचटून उठतो. हा उठला नाही, त्याचे कारण कडीत होते आणि ती कडी माझी होती. माझ्यावर कसलाही ठपका आला नाही.

मी त्याला भेटायला इस्पितळात गेलो, तेव्हा तो मलाच धीर देत होता. म्हणाला, "साहब, घोडे का कसूर नहीं था. पैर नहीं छूटा." मी मान डोलावली. अहवाल आदल्याच दिवशी रवाना झाला होता. पुरवणी पाठवता आली असती. मी पाठवली नाही. पुढच्या महिन्यात ते तट्टू मी आठवडी बाजारात 'उधळ्या' म्हणून पडत्या भावात विकले आणि, हे लिहिताना हात अडखळतो, खोगीर व रिकिबीही त्याबरोबरच देऊन टाकल्या. घेणाऱ्याच्या पायाचे माप मी विचारले नाही.

सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तितक्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. बारगीर बसे तो सरकारी घोड्यावर. ज्याचा घोडा त्यानेच पाण्याची आणि नालाचीही चिंता वाहायची, असा त्यातला हिशेब मला दिसतो. त्या संध्याकाळी कोटवार माझा बारगीर होता. मी त्याला घोडा दिला आणि मला वाटले, सर्व दिले.

म्हणून पुतण्याला मी सांगितले, "जोडी घेऊन येतो, पण आधी तिची परीक्षा घेऊ. तिचीच नव्हे, तुझ्याकडच्या सगळ्यांची."

पाहुणे नसतात अशा एका मंगळवारी आम्ही पागेसमोर एका लाकडी घोडीवर खोगीर चढवले. पुतण्याच्या जुन्या बुटात वाळू भरली आणि घोट्याशी दोर बांधला. बूट कडीत घालायचा आणि पडणाऱ्या माणसाचे वजन जसे जाईल तसा, खाली आणि मागे, ओढायचा. नात वही घेऊन टिपणे करायला बसली.

पहिला मान पणजोबांच्या जोडीचा. तिची आतली रुंदी भरली पावणेचार इंच. बुटाचा चवडा चार इंचांचा. दाबून बसवलेला बूट काही केल्या सुटेना, उलट घोडीच खोगिरासकट आडवी झाली. "पणजोबांचा पाय नाजूक असणार," असा शेरा नातीने वहीत लिहिला. तो बरोबरच असावा. त्यांच्या काळच्या मऊ जोड्यांना ती कडी पुरेशी असेल. आजच्या बुटाला ती सापळा आहे.

त्यानंतर शेतावरची रोजच्या वापरातली जोडी घेतली. निकेलची, हलकी, एका बाजूला किंचित वाकलेली. आतून पाच इंच. नातीचा स्वतःचा बूट, रुंदी तीन इंच, तीत ठेवून जरासा ढकलताच टाचेसकट आरपार गेला. मला घशाला कोरड पडल्यासारखे झाले. बरोबर तेच माप होते.

पुतण्याने दोन-तीन प्रकारच्या सुरक्षित म्हणवणाऱ्या रिकिबीही मागवून ठेवल्या होत्या. एकीत कडीची बाहेरची बाजू लोखंडाची नसून जाड रबरी पट्ट्याची असते. पायाचा हिसका बसताच पट्टा खुंटीवरून सुटतो आणि पाय मोकळा होतो. ती परीक्षेला उतरली. मात्र तिचे रबर नेहमी घोड्याच्या अंगापासून बाहेरच्या बाजूस असले पाहिजे; उलटी लावली तर तिचा काही उपयोग नाही. शिवाय तिच्याच जातीची एक जुनी जोडी पडवीत दोन उन्हाळे लटकत राहिली होती. भोपाळच्या मे महिन्याने तिच्या रबराला भेगा पाडल्या होत्या. ते चढतानाच तुटले असते. एक बाजू उघडी असलेला तो सांगाडा भारी माणसाच्या वजनाने कालांतराने वाकतो, म्हणून ही रिकीब मुलांसाठीच बरी. मोठ्यांसाठी बाहेरचा दांडा बिजागरीने उघडणाऱ्या किंवा दाबाने लवणाऱ्या पोलादी रिकिबी मिळतात. त्या साध्या जोडीपेक्षा पुष्कळ महाग, आणि बिजागरीत चिखल-माती साचू द्यायची नाही ही अट. लोहचुंबकाने बूट धरून ठेवणाऱ्याही निघाल्या आहेत. परंतु त्यांना बुटाखाली धातूची खास पट्टी लागते, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांसाठी त्या कुचकामाच्या. कडीच्या पुढच्या तोंडावर बसवायचे टोपण मात्र पाहुण्यांसाठी फार उपयोगी वाटले. पायात काहीही असो, पाऊल पुढे आरपार जातच नाही. अर्थात रुंदीचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. अरुंद कडीत रुतलेला बूट टोपण असले तरी रुतलेलाच राहतो.

इतके होईपर्यंत दुपार झाली, आणि घोडे पेंड खात होते ते तर दुसरीकडेच. इंग्रजी पद्धतीच्या खोगिरावर रिकिबीचा पट्टा एका पोलादी दांडीवर अडकवलेला असतो आणि दांडीच्या टोकाला एक लहानसा खटका असतो. खटका खाली सपाट ठेवला की संकटकाळी मागच्या ओढीने पट्टा रिकिबीसकट निसटून येतो; वर उचलून ठेवला की वाट बंद. पुतण्याच्या चार खोगिरांपैकी तिघांचे खटके वर होते आणि गंजून तसेच घट्ट बसले होते. कितीही चांगली रिकीब घेतली असती तरी तिच्यामागचे हे दार बंदच राहिले असते. आम्ही तेल घालून, ठोकून ते मोकळे केले. मग दोर पुन्हा ओढला. पट्टा सरकला आणि रिकीब, बूट, वाळू असे सगळे धप्पदिशी जमिनीवर आले. त्या आवाजाने मी दचकलो. एवढाच आवाज मला त्या ओढ्याच्या उतारावर हवा होता.

पुतण्या हिशेबी आहे. म्हणाला, "काका, दोन फेऱ्यांसाठी एवढा सोपस्कार? पाहुणे कंटाळतील." तेव्हा त्या घोडीशेजारी बसून मी त्याला कोटवाराची हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत ती मी घरात कुणालाही सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर त्याने एकच प्रश्न विचारला, "त्या रिकिबी पुढे कुठे गेल्या?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याने कानपूरहून भक्कम पोलादी रिकिबी मागवल्या, तीन रुंदींच्या, आणि प्रत्येक मापाच्या पट्ट्याला वेगळ्या रंगाची खूण केली. नियम साधा ठेवला आहे: बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा कडी एका इंचाने अधिक, म्हणजे दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच मोकळा. पाहुण्यांसाठी टाचेच्या बुटांचे काही जोड आणले. चपला-सँडल घातलेल्याला घोड्यावर घेत नाहीत. पाहुण्यांच्या सर्व रिकिबींना टोपणे लावली. मुलांसाठी रबरी पट्ट्याच्या, आणि ते पट्टे दर वर्षी उन्हाळा सरताच बदलायचे. डोक्याला शिरस्त्राण तर आधीपासून होतेच. माथेरानसारख्या ठिकाणी घोड्यावरून पडून पर्यटक दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा डोक्याचा विचार सुचतो, आणि तो योग्यच आहे. पायाचा विचार क्वचितच कुणाला सुचतो. सहलीच्या ठिकाणी दिवसभरात एकाच खोगिरावर वीस जण बसतात. वीस पाय वेगवेगळे, रिकीब तीच.

पणजोबांची जोडी पुन्हा आमच्या भिंतीवर आली. पाहुणे विचारतात, मी ग्वाल्हेरच्या पागेची गोष्ट सांगतो. आता मात्र तिथे थांबत नाही. तिच्यापुढे सातपुड्यातली गोष्टही सांगतो. काहींना ती दिवाणखान्यात अप्रस्तुत वाटत असावी, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसते. वरातीमागून घोडे, हे मलाही कळते. तरी त्या चार पानांत जे वाक्य असायला हवे होते, ते मी आता माझ्या वहीत लिहून ठेवले आहे: 'स्वाराच्या पावलाच्या मानाने रिकीब रुंद होती आणि ती अधोस्वाक्षरीकर्त्याने दिलेली होती.'

परवाच्या रविवारी नात चौथ्यांदा घोड्यावर बसली. मोतद्दाराने लगाम धरला होता. चढण्यापूर्वी तिने खोगिराची झालर उचलली, बोट आत घालून आधी डावीकडचा, मग पलीकडे जाऊन उजवीकडचा खटका चाचपला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, मोकळा आहे." मग डावा पाय रिकिबीत ठेवून ती वर गेली.